व्याकरण एकच, भांडण लिपीचं

"उर्दू ही मुद्दाम बनवलेली, बाहेरची भाषा," असं लोहाऱ्यातल्या एका शिकलेल्या गृहस्थांनी मला ऐकवलं. ठीक. बनवलेल्या भाषेचंच बोलायचं तर शेजारच्या वर्ध्याचं बोलू.

झामेनहॉफने 1887 मध्ये एस्पेरांतो जाहीर केली, तेव्हा त्याला व्याकरण नव्याने रचावं लागलं. गांधीजींना ती गरजच नव्हती. 1942 मध्ये वर्ध्यात हिंदुस्थानी प्रचार सभा निघाली. तिची हिंदुस्थानी ठरवून घडवायची होती: जड संस्कृत नको, जड फारसी नको आणि नागरी, उर्दू या दोन्ही लिप्या प्रत्येकाने शिकायच्या. साताऱ्यात जन्मलेले काकासाहेब कालेलकर या कामात होते.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. 'मैंने रोटी खाई' नागरीत लिहा, हिंदी झाली. तेच नस्तालीकमध्ये लिहा, उर्दू झाली. क्रियापद कर्त्याला सोडून रोटीमागे जातं, अगदी आपल्या 'मी भाकरी खाल्ली'सारखं. यात बाहेरचं काय, ते त्या गृहस्थांनी दाखवावं.

अडलं ते लिपीवर. हिंदी साहित्य संमेलन नागरीवर ठाम राहिलं आणि 1945 मध्ये गांधीजींनी त्या संस्थेचा राजीनामा दिला. 14 सप्टेंबर 1949 ला संविधान सभेने देवनागरीतली हिंदी स्वीकारली. 'हिंदुस्थानी' हा शब्द कलम 351 मध्ये उरला, दोन लिप्यांची अट गेली.

पण बोट फक्त तिकडेच का दाखवू? आमच्यातलेही उर्दूला दीनची भाषा करून बसलेत. कुरआन अरबीत आहे, भाऊ. केरळचा मुसलमान मलयाळम बोलतो, त्याचं इमान कमी झालं का? आणि प्रेमचंदांनी लिहायला सुरुवात उर्दूतच केली होती. मराठीचा पेपर पास होण्यापुरता वाचणारी आमची मुलं तहसीलमध्ये अर्ज लिहायला दुसऱ्याला गाठतात, त्याचा दोष कोणाचा? ('अर्ज' आणि 'तहसील' हे दोन्ही शब्द मराठीने कुठून घेतले, तेही विचारा.)

अकोला जिल्ह्यातल्या पातूरमध्ये नगरपरिषदेच्या पाटीवर मराठीसोबत उर्दू होती. ती काढावी म्हणून वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. एप्रिल 2025 मध्ये न्यायालयाने उर्दू राहू दिली. पाटी वाचली, बरं झालं. पण ती वाचणारे किती?

माझी मागणी साधी आहे. मराठी शाळेत आठवड्याला एक तास उर्दू लिपीचा ठेवा, आणि उर्दू शाळेत मराठी गुणांपुरती नको, बोलण्या-लिहिण्यापुरती शिकवा. शिकवायला मी तयार आहे, शाळा सुटल्यावर, फुकट.