ऑगस्टमधली काटकसर आणि जूनमधलं रडगाणं

थोडं मोठं लिहितेय. चहा घेऊनच बसा.

आमच्या एडमंटनमध्ये ऑक्टोबर उजाडला की दोनच विषय. पहिला बर्फ कधी पडणार, आणि ऑयलर्स यंदा तरी कप आणणार का? (हॉकी म्हटल्यावर ज्यांना ध्यानचंद आठवतात त्यांच्यासाठी: ही बर्फावरची हॉकी. स्पर्धेचं नाव एनएचएल, कपाचं नाव स्टॅनली कप.) या आठवड्यात आमच्या मराठी ग्रुपवर पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. कॉनर मॅकडेव्हिडने आणखी दोन वर्षांचा करार केला, तोही वर्षाला १ कोटी २५ लाख डॉलरवर. म्हणजे २०१७ साली सही केली होती तोच आकडा. जगातला सर्वोत्तम खेळाडू एक डॉलरही वाढवून मागत नाही. आनंद मलाही झाला.

पण मी पोटापाण्यासाठी हिशेब तपासणारी बाई आहे. कुणी पैसे सोडले की मला पहिला प्रश्न पडतो, हे वाचलेले पैसे आता कुठे जाणार? गेल्या दोन उन्हाळ्यांचा अनुभव फार चांगला नाही, म्हणून हा प्रपंच.

आधी नियम समजून घेऊ. २००४-०५ चा अख्खा सीझन मालक आणि खेळाडूंच्या भांडणात रद्द झाला. त्यातून 'सॅलरी कॅप' आली. प्रत्येक संघाने सगळ्या खेळाडूंवर मिळून अमुक रकमेच्या वर खर्च करायचा नाही. २०२४-२५ ला ही मर्यादा ८ कोटी ८० लाख डॉलर होती, यंदा ९ कोटी ५५ लाख आहे, पुढच्या वर्षी १० कोटी ४० लाख होणार. त्यामुळे इथे "मालक श्रीमंत आहे, घेईल विकत" हे चालत नाही. एकाला जास्त दिले की दुसऱ्याचं ताट रिकामं. आणि उन्हाळ्यात, खेळ बंद असताना, हे ताट वाढायचं काम चालतं. कप जूनमध्ये जिंकतात, पण त्याची तयारी किंवा माती जुलै-ऑगस्टमध्येच होते.

आता २०२४ चा उन्हाळा आठवा. २४ जूनला फ्लोरिडात सातवा सामना. ०-३ वरून ३-३ केलेली फायनल, आणि २-१ ने हार. गावभर सुतक. तीन दिवसांनी जनरल मॅनेजर केन हॉलंड गेले. नवीन मॅनेजर स्टॅन बोमन आले २४ जुलैला. मधल्या काळात, १ जुलैला बाजार उघडला तेव्हा कारभार सीईओ जेफ जॅक्सन यांच्याकडे. त्यांनी दोन अनुभवी फॉरवर्ड आणले. जेफ स्किनर, वय ३२, ३० लाख डॉलर. व्हिक्टर आर्व्हिडसन, वय ३१, वर्षाला ४० लाख. सगळे खूश. मीही. खोटं कशाला बोलू?

पण घरातली दोन पोरं अजून सहीशिवाय होती. डिफेन्समन फिलिप ब्रोबर्ग, वय २३, आणि फॉरवर्ड डिलन हॉलोवे, वय २२. दोघेही ऑयलर्सनेच पहिल्या फेरीत निवडलेले, एक २०१९ चा, दुसरा २०२०चा. ब्रोबर्गने तर बराचसा सीझन खालच्या लीगमध्ये बेकर्सफील्डला काढलेला, आणि प्लेऑफमध्ये ऐन कसोटीला संघात येऊन तो फायनलपर्यंत टिकलेला. त्यांच्याबद्दल सगळ्यांचं गृहीतक एकच: "ते कुठे जातात? आपलेच आहेत."

१३ ऑगस्टला सेंट लुईस ब्लूजने दोघांनाही एकाच दिवशी 'ऑफर शीट' दिली.

आयपीएलवाल्यांना हे पटकन कळेल. २०२४ च्या लिलावात रिषभ पंतसाठी दिल्लीने 'राइट टू मॅच' वापरलं, लखनौने बोली २७ कोटींवर नेली आणि दिल्लीने हात वर केले. साधारण तसंच. तरुण खेळाडूचा करार संपला की दुसरा संघ त्याला आकडा देऊ शकतो. जुन्या संघाने सात दिवसांत तेवढाच आकडा द्यायचा, नाहीतर खेळाडू सोडायचा आणि बदल्यात ड्राफ्टमधली निवड घ्यायची.

ब्लूजचे आकडे बघा. ब्रोबर्गला वर्षाला ४५,८०,९१७ डॉलर, हॉलोवेला २२,९०,४५७. असले विचित्र आकडे का? कारण नियमाच्या तक्त्यात पायऱ्या आहेत. ब्रोबर्गला एक डॉलर जरी जास्त दिला असता तरी ब्लूजला भरपाई म्हणून पहिल्या फेरीची निवड द्यावी लागली असती, वर तिसऱ्या फेरीचीही. त्या डॉलरच्या अलीकडे थांबलं की फक्त दुसऱ्या फेरीची. हॉलोवेचा आकडाही असाच, बरोबर तिसऱ्या फेरीच्या पायरीच्या काठावर. समोरच्याने नियम वाचले होते, आपली शिल्लक किती तेही मोजलं होतं. १८ ऑगस्टला ऑयलर्सनी कोडी सीसीला सॅन होजेला पाठवून थोडी जागा मोकळी केली. तेव्हा अनेकांना वाटलं, चला, निदान एक तरी वाचला. २० तारखेला कळलं, दोघेही गेले.

त्या आठवड्यात इथे जे बोललं गेलं ते आठवून अजून वाईट वाटतं. "पैशाचे लोभी." "खाल्ल्या मिठाला जागले नाहीत." आणि ब्लूजबद्दल, "पाठीत सुरा खुपसला."

सुऱ्याबद्दल आधी बोलते. २००७ साली अनाहाइमने स्टॅनली कप जिंकला आणि त्याच उन्हाळ्यात त्यांच्या डस्टिन पेनरला ऑफर शीट देऊन कुणी पळवलं? आपणच. ऑयलर्सनीच. तेव्हा तो आपला हुशार डाव होता. दुसऱ्याने तोच डाव टाकला की लगेच दगाबाजी?

आता लोभाबद्दल. दोन्ही ऑफर शीटची बेरीज करा. वर्षाला सुमारे ६८ लाख ७० हजार डॉलर. आणि १ जुलैला स्किनर-आर्व्हिडसनना दिले ते? ७० लाख. म्हणजे पैसे नव्हते हे खरं नाही. पैसे होते, ते सहा आठवडे आधी तिशी ओलांडलेल्या पाहुण्यांच्या ताटात वाढून झाले होते. घरच्या पोरांना सांगितलं, थांबा, उरलं तर देऊ.

पुढच्या सीझनला काय झालं? सेंट लुईसमध्ये हॉलोवेचे ६३ गुण, ब्रोबर्गचे २९. इथे स्किनरचे २९, आर्व्हिडसनचे २७. तिकडे ९२, इकडे ५६. स्किनर प्लेऑफमध्ये बहुतेक वेळ बाहेर बसला. आर्व्हिडसनला वर्षभरातच बोस्टनला पाठवावं लागलं.

आता दुसरी बाजूही मांडते, नाहीतर कमेंटमध्ये मला सोलाल. ऑगस्ट २०२४ मध्ये ब्रोबर्गने एनएचएलमध्ये शंभर सामनेही पूर्ण केले नव्हते. त्या दिवशीच्या कामगिरीवर ४५ लाख जास्तच होते. उद्या पंचविशीतला प्रत्येक पोरगा हेच मागेल, ही भीतीही खोटी नाही. हॉलोवे इथे राहिला असता तर त्याला तिकडच्याइतकी बर्फावरची वेळ मिळाली असती का, हाही रास्त प्रश्न आहे. आणि बोमनना खुर्चीत बसून तीन आठवडे झाले होते, मागच्यांनी मांडलेला डाव त्यांच्या हातात आला. हे सगळं मान्य.

पण माझा आक्षेप २० ऑगस्टच्या निर्णयावर नाहीच. तो दिवस येऊ दिला यावर आहे. जूनच्या अखेरीला दोघांना समोर बसवून, ब्लूजच्या आकड्यापेक्षा बऱ्याच कमी आकड्यावर बोलणी करता आली असती. निदान आधी घरचं मिटवायचं आणि मग बाजारात जायचं, एवढा तरी क्रम पाळायचा. आपल्याकडे लग्नाच्या खर्चातही आधी मंडप आणि जेवण ठरतं, बँडबाजा नंतर.

आणि डिफेन्समनच्या बाबतीत ही चूक जास्त महाग पडते. फॉरवर्ड विशीतच चमकतो. बचावाचं काम शिकायला वेळ लागतो. कुठे उभं राहायचं, कधी पुढे जायचं, पक हातात आल्यावर पहिला पास कुणाला, हे सामने खेळूनच कळतं. म्हणजे पाच वर्षं आपण खत-पाणी घालायचं आणि झाडाला मोहोर आला की कुंपणापलीकडे द्यायचं. मार्च २०२५ मध्ये काय झालं आठवतंय ना? बचाव कमी पडतोय म्हणून जेक वॉलमनला आणायला पहिल्या फेरीची निवड मोजली. सात महिने आधी दुसऱ्या फेरीच्या निवडीवर एक डिफेन्समन सोडला होता. वॉलमन चांगला खेळला, त्याच्याबद्दल तक्रार नाही. तक्रार हिशेबाची आहे.

इव्हान बुशार्डची गोष्ट याची दुसरी बाजू. २०२३ मध्ये जागा नव्हती म्हणून त्याला दोन वर्षांचा, वर्षाला ३९ लाखांचा तात्पुरता करार दिला. इथे याला 'ब्रिज' म्हणतात, मी उधारी म्हणते. उधारी वाईटच असते असं नाही. त्या दोन वर्षांत त्याने स्वस्तात संघाला दोन फायनलपर्यंत नेलं, २०२३-२४ मध्ये ८२ गुण केले. पण उधारी फेडावी लागते. गेल्या ३० जूनला बिल आलं: चार वर्षं, वर्षाला १ कोटी ५ लाख.

त्यावरही आरडाओरडा झालाच. "डिफेन्समनला एवढे? आणि त्या चुका करणाऱ्याला?" इथे मात्र मी व्यवस्थापनाच्या बाजूने आहे. डार्नेल नर्सचा ९२ लाख ५० हजारांचा करार सुरू झाला तेव्हा मर्यादा ८ कोटी २५ लाख होती. म्हणजे ताटातला ११.२ टक्के वाटा. बुशार्डचा वाटा यंदाच्या मर्यादेत ११ टक्के. जो जास्त गुण करतो त्याला किंचित कमीच हिस्सा मिळतोय. डॉलर मोठा दिसतो, कारण ताट मोठं झालंय. आकडा वाचताना टक्का वाचा, अर्धी भांडणं मिटतील.

आता पुढचं. या महिन्यात वॉलमनला आणखी सात वर्षं, वर्षाला ७० लाख. मटियास एकहोमला तीन वर्षं, वर्षाला ४० लाख. एकहोमने आधीपेक्षा कमी घेतले, माणूस सोन्यासारखा. पण २०२६-२७ चं ताट मांडून बघा. बुशार्ड, नर्स, वॉलमन, एकहोम, चौघांचे मिळून ३ कोटी साडेसात लाख. म्हणजे मर्यादेच्या जवळपास ३० टक्के. आणि बुशार्ड सोडला तर तोपर्यंत तिघेही तिशीचे किंवा तिशीपार. तरुण, स्वस्त, पायात जोर असलेला डिफेन्समन शोधायला निघाल तर तो सेंट लुईसमध्ये सापडेल.

एडमंटनला हे नवीन नाही, हेच दुःख आहे. पॉल कॉफी, एका सीझनमध्ये ४८ गोल करणारा डिफेन्समन. १९८७ मध्ये कराराच्या वादात घरी बसला आणि नोव्हेंबरमध्ये त्याला पिट्सबर्गला पाठवून दिलं. पुढच्याच ऑगस्टमध्ये ग्रेट्स्की लॉस एंजेलिसला गेला. १९९० मध्ये आणखी एक कप आला, त्यानंतर आजतागायत नाही. तोच कॉफी नोव्हेंबर २०२३ मध्ये याच संघाच्या बाकामागे उभा राहून बुशार्डला बचाव शिकवत होता. घालवलेला माणूस परत यायला ३६ वर्षं लागली.

कुणी म्हणेल, तुला काय करायचंय, खासगी कंपनी आहे. तर तसं नाही. २०१६ ला उघडलेलं रॉजर्स प्लेस हे स्टेडियम एडमंटन महापालिकेच्या मालकीचं आहे, सार्वजनिक पैशातून उभं राहिलंय. त्यात तुमचा-माझा घरपट्टीचा पैसा आहे. उणे तीसमध्ये मुलांना अंगणातल्या बर्फावर स्केटिंग शिकवणाऱ्या या गावाला चार प्रश्न विचारायचा हक्क आहे. आमच्या मराठी पोरांनाही आता "आई, ब्रोबर्ग का गेला?" असं विचारायची सवय झाली आहे. तो वाईट होता म्हणून गेला नाही, त्याने इमान सोडलं म्हणूनही नाही, मोठ्यांनी हिशेब उशिरा केला म्हणून गेला, हे त्यांना सांगायला हवं. नोकरीत तुम्हाला कुणी जास्त पगार दिला तर तुम्ही काय करता? मग तेवीस वर्षांच्या पोराने काय वेगळं करायचं होतं?

मॅकडेव्हिडने दोन वर्षं दिली आहेत. २०२८ पर्यंत. त्याने पैसे सोडले ते संघाला आसपास चांगली माणसं ठेवता यावीत म्हणून. तो दयाळू आहे म्हणून आपण पुन्हा जुलैमध्ये बाजारात हुरळायचं आणि ऑगस्टमध्ये घरच्यांना हात जोडायचे, हे आता परवडणार नाही.

माझं मागणं साधं आहे. पुढच्या जूनमध्ये निकाल काहीही लागो, १ जुलैच्या आधी घरच्या तरुणांच्या सह्या करून घ्या. मग काय ती खरेदी करा.

कमेंटमध्ये भांडा, पण टक्केवारी घेऊन या.