दूध कट्ट्यावरचा सेंटर फॉरवर्ड

लंच टाइमला कँटीनमध्ये फुटबॉलचा विषय निघाला, की आमच्या टीममधला एक जण हमखास मोबाइल टेबलावर सरकवतो. स्क्रीनवर तो आणि चक्क दाविद त्रेझेगे! होय, तोच. युरो 2000 च्या फायनलमध्ये इटलीविरुद्ध गोल्डन गोल ठोकणारा फ्रान्सचा स्ट्रायकर. 2014 मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली, तेव्हा हा गडी एफसी पुणे सिटीकडून खेळायला आला होता. आमच्या मित्राने एका इव्हेंटमध्ये तासभर रांग लावली, बाउन्सरच्या दंडाखालून पुढे सरकला आणि क्लिक! चला, पुढचा कोण?

‘बोललास काय त्याच्याशी?’

‘बोलतोय कसला! पण फोटो आला ना, बॉस.’

फोटो खरंच झकास आलाय. फक्त त्यातला क्लब आता नाही. 2019 मध्ये एफसी पुणे सिटी बंद पडला आणि लीगमधली त्याची जागा हैदराबाद एफसीने घेतली. बालेवाडीत घसा बसेपर्यंत ओरडलेली पोरं एका रात्रीत बिनक्लबची झाली.

हाच विषय आता एखाद्या कोल्हापूरकरापाशी काढून बघा. ऑफिसात एक तरी असतोच, गाडीच्या मागच्या काचेवर ‘नाद खुळा’ लिहिलेला. तो फोटो दाखवणार नाही. त्याच्याकडे तो नसतोच मुळी. रोज संध्याकाळी गल्लीच्या कोपऱ्यावर दिसणाऱ्या माणसाबरोबर कोण फोटो काढतं?

ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कोल्हापूर हे मूळचं कुस्तीचं गाव. शाहू महाराजांनी 1912 मध्ये खासबागचं कुस्ती मैदान उभं केलं, पेठापेठांतल्या तालमींना बळ दिलं. पुढे याच तालमींनी फुटबॉलच्या टीम काढल्या. म्हणून तिथल्या क्लबांची नावं युनायटेड आणि सिटी अशी नसतात. मंगळवार पेठेत पाटाकडील तालीम मंडळ, शिवाजी पेठेत खंडोबा तालीम मंडळ, शिवाय दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ... हिवाळ्यात केएसएची, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची लीग सुरू होते आणि उन्हाळा सरेपर्यंत शाहू स्टेडियमवर एकामागून एक चषक चालू राहतात. तुम्ही कुठल्या टीमचे, हे तुम्ही ठरवत नाही. तुमच्या आजोबांनी घर कुठल्या पेठेत घेतलं यावर ते ठरतं!

आता आमच्या एका कोल्हापुरी दोस्ताची गोष्ट. तेव्हा तो असेल दहा-अकरा वर्षांचा. गंगावेशीतला दूध कट्टा माहितीये ना? म्हैस समोर उभी, धार थेट ग्लासात. वडिलांचं बोट धरून हा तिथे गेला आणि शेजारी बघतो तर आदल्या दिवशी दोन गोल मारलेला त्यांच्या तालमीचा सेंटर फॉरवर्ड! ओठांवर फेसाची पांढरी मिशी. पोरगा नुसता बघत राहिला. सेंटर फॉरवर्डने ग्लास संपवला, मिशी पुसली आणि विचारलं, ‘काय रं, शाळा बुडवून मॅचला आलतास व्हय? सांगू काय आईला?’

म्हणजे भर मॅचमध्ये, हजारोंच्या गर्दीत, हिरोने याला पाहिलं होतं. आणि हिरोला याची आईही माहीत होती! दोस्त आज पस्तिशीचा आहे, टीम लीड आहे. हे सांगताना अजूनही कान लाल होतात त्याचे.

आमच्याच फ्लोअरवरच्या एका मैत्रिणीची आठवण याहून वेगळी. तिच्या घरी मुलींनी स्टेडियमवर जाणं पसंत नव्हतं, त्यामुळे तिने एकही मॅच पाहिलेली नाही. पण गोलकीपर समोरच्याच वाड्यात राहायचा. मॅच संपून तो परतला की बाइक कशी लावतो, यावरून हिला निकाल कळायचा. झोकात स्टँड मारला तर जिंकले, ढकलत आत नेली तर विचारायलाच नको. हरलेल्या दिवशी त्याची आई जर्सी धुऊन दोरीवर घालायची तीसुद्धा न बोलता. ‘मी त्याच्याशी आयुष्यात दोन वाक्यं बोलले असेन,’ मैत्रीण म्हणते, ‘आणि त्यातलं एक गॅस सिलिंडरबद्दल होतं.’ तरी अमुक वर्षी सेमीफायनलला त्याने कुठला पेनल्टी किक कुठल्या बाजूला झेपावून अडवला, हे तिला पाठ आहे.

हेवा वाटतो ना? आम्हा मोठ्या शहरवाल्यांना तर वाटलाच पाहिजे. आठवतंय, जून 2018 मध्ये मुंबईत इंटरकॉन्टिनेंटल कपच्या पहिल्या मॅचला सुनील छेत्रीने हॅट्‌ट्रिक मारली आणि स्टेडियममध्ये माणसं होती फक्त 2569? बिचाऱ्याला व्हिडिओ टाकून ‘या हो, मॅच बघायला या’ असं सांगावं लागलं. पुढच्या केनियाविरुद्धच्या मॅचला, म्हणजे त्याच्या शंभराव्या आंतरराष्ट्रीय सामन्याला, अंधेरीचं स्टेडियम फुल्ल! भारताचा कॅप्टन मोबाइलच्या स्क्रीनवरून बोलला तेव्हा कुठे लोक घराबाहेर पडले. पेठेतल्या सेंटर फॉरवर्डवर ही वेळ येत नाही.

पण थांबा, हे सगळं इतकं गोग्गोड नाहीये. जो माणूस तुमच्या गल्लीत राहतो, तो हरल्यावर जाणार कुठे? एका माजी खेळाडूशी गप्पा मारताना हे नीट कळलं. फायनलमध्ये त्याचा पेनल्टी बारवरून गेला. त्यानंतर पंधरा दिवस तो कामावर मागच्या बोळातून जायचा. पानपट्टीवर टोमणा, सलूनमध्ये टोमणा, चुलत्याच्या लग्नात जेवणाच्या पंगतीत टोमणा. ‘वाढप्यानंपण सोडलं न्हाई,’ तो हसत म्हणाला. त्या पंधरा दिवसांत तो हसला असेल असं वाटत नाही. त्रेझेगेचाही पेनल्टी चुकला होता, 2006 च्या वर्ल्ड कप फायनलमध्ये, तोही बारला लागून. पण त्याला दुसऱ्या दिवशी त्याच वाण्याकडे उधारीवर साखर आणायची नव्हती!

आणि टीम बदलली तर? सीझनच्या सुरुवातीला केएसएकडे खेळाडूंची नोंदणी होते आणि कोण कुठल्या तालमीकडे गेला याच्या बातम्या स्थानिक पेपरात येतात. चार पैसे जास्त मिळतात म्हणून पोरगा दुसऱ्या पेठेकडून खेळायला लागला, की स्वतःच्या गल्लीत तो परका. आपण पॅकेज बघून दर दोन वर्षांनी कंपनी बदलतो, फेअरवेलला केक कापतो. त्याने हेच केलं की गद्दार? मला हे अजिबात पटत नाही आणि कोल्हापुरात जाऊन मोठ्याने बोलायची हिंमतही नाही.

गंमत म्हणजे हीच पेठ बाहेरून आलेल्याला मात्र पटकन आपलं म्हणते. मधल्या काळात तालमींनी नायजेरियन खेळाडू आणले. पेठेतच भाड्याने खोली, शेजारच्या काकूंची भाकरी आणि तांबडा रस्सा. दोस्त सांगतो, त्यांच्याकडचा एक जण महिनाभरात ‘लई भारी’ म्हणायला शिकला आणि दुसऱ्या महिन्यात रस्सा तिखट नाही अशी तक्रार करायला लागला!

आता कोल्हापूरच्या पोरांची स्वप्नं मोठी आहेत. 2017 मध्ये भारतात अंडर-17 वर्ल्ड कप झाला, तेव्हा भारताच्या टीममध्ये कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. पुढे तो इंडियन सुपर लीगमध्ये खेळला. असे किती जण पोहोचणार? बाकीचे पस्तिशीच्या आत थांबतात, बहुतेकदा गुडघ्यामुळे. मग नोकरी.

तो दूध कट्टेवाला दोस्त इंजिनीअर झाल्यावर शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत लागला होता. पहिल्याच नाइट शिफ्टला मोल्डिंग लाइनवर समोर कोण? तोच सेंटर फॉरवर्ड. किंचित लंगडत. आणि हा त्याचा सुपरवायझर.

‘साहेब, सही पाहिजे हितं.’

याच्या हातून पेन सुटायचं बाकी राहिलं. ‘आण्णा, तुम्ही मला साहेब नका म्हणू.’

‘मग काय म्हणू? ड्यूटीवर साहेबच की.’ आण्णांनी कागद पुढे केला, सही घेतली, घडी करून खिशात ठेवला. मग जाता जाता मागे वळून विचारलं, ‘आई बरी हाय न्हवं?’