थाळी तोलून घ्या, बाई!

मैत्रिणींनो, एक प्रश्न विचारते. वांगी घेताना तुम्हाला कुणी फसवू शकेल का? शक्यच नाही! गारगोटीच्या आठवडी बाजारात आपण आधी पूर्ण चक्कर मारतो, चार ठिकाणी भाव विचारतो, वांगं उलटं करून देठ बघतो आणि मगच पिशवी पुढे करतो. सोनं घ्यायचं तर आजचा भाव, घट, मजुरी सगळं तोंडपाठ. साडीचा पदर दोन बोटांत धरला की सूत कळतं. भावाची ही समज आपल्याला कुठल्या कॉलेजात शिकवली नाही. आईच्या मागे पिशवी धरून चालता चालता ती आली.

पण हीच मी, जिला बाजारात भाजीवाल्या मावशी ‘लई चिकट बाई हाय’ म्हणतात, ती गेल्या वर्षी एका दुकानात साफ फसले. आणि फसले ती कशात? तर थाळीत! जेवायच्या नव्हे, थाळीफेकीच्या थाळीत.

झालं असं, की आमच्या बचत गटातल्या एकीची मुलगी नववीत होती. उंचीपुरी, हातात ताकद. शाळेच्या मैदानावर थाळी टाकायची आणि सर म्हणायचे, ‘हिला सराव मिळाला तर पोरगी पुढं जाईल.’ शाळेत थाळी एकच आणि टाकणाऱ्या मुली सहा. सुट्टीत तर तीही कपाटात कुलूपबंद. मुलीची आई शेतमजुरी करते. ती कुठून आणणार? मग गटाच्या मीटिंगमध्ये ठरलं, प्रत्येकीने पन्नास-शंभर काढायचे आणि पोरीला स्वतःची थाळी घेऊन द्यायची. खरेदीचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. ‘वैनीच जाऊ देत, त्यांना भाव करायला येतोय!’

एसटीने कोल्हापूर गाठलं. पहिल्या दुकानात विचारलं, तर दुकानदाराने चकचकीत थाळी समोर ठेवली. ‘वहिनी, इंपोर्टेड माल आहे, हाय स्पिन. चार हजार दोनशे. तुमच्यासाठी तीन हजार आठशे.’ आणि वर विचारलं, ‘मुलासाठी का?’ मुलीसाठी म्हटल्यावर लगेच म्हणाला, ‘मग हलकी दाखवतो, साधी.’ इंपोर्टेड म्हणजे काय, हाय स्पिन म्हणजे काय, मला काहीच कळलं नाही. पण अडाणी दिसू नये म्हणून मी मान डोलावली आणि बाहेर पडले.

दुसऱ्या दुकानात लाकडी थाळी होती, कडेला लोखंडी पट्टी. किंमत सांगितली चौदाशे. इथे मात्र माझ्या अंगात आलं! आठशेपासून सुरुवात केली, दोनदा पायरी उतरले आणि साडेनऊशेला सौदा केला. दुकानदार म्हणाला, ‘बिल नको ना? बिल केलं तर जीएसटी लागंल.’ म्हटलं, ‘नको.’ परतीच्या एसटीत मुदाळतिट्टा येईपर्यंत शेजारणीला माझ्या सौद्याची गोष्ट सांगत होते!

पोरीने चार महिने त्या थाळीवर घाम गाळला. पण तालुक्याच्या स्पर्धेत तिची फेक सरावापेक्षा जवळपास दोन मीटर कमी पडली. जिल्ह्याला जायची संधी थोडक्यात गेली. घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, ‘काकी, तिथली थाळी जड लागली. मी जोर लावलो, पण हातातनं सुटलीच न्हाई नीट.’

माझ्या मनात चुकचुकलं. थाळी उचलली, थेट किराणा दुकानात नेली आणि इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवली. आकडा आला ९१५ ग्रॅम. थाळी एक किलोची म्हणून घेतलेली! बाजारात कुणी मला एक किलो वांग्यांत ८५ ग्रॅम कमी दिली असती तर मी अख्खा बाजार डोक्यावर घेतला असता. इथे मी वजन बघितलंच नव्हतं. भाव पाडण्यात इतकी रमले, की कशाचा भाव पाडतेय हेच विसरले.

सगळा दोष थाळीचाच होता असं मी म्हणणार नाही. पहिलीच स्पर्धा, भीती, अनोळखी मैदान, हेही होतंच. पण चार महिने हाताला हलक्या थाळीची सवय लागली, ती माझ्यामुळे. दुकानात परत गेले, तर उत्तर तयार होतं. ‘वापरलेला माल परत घेत नाही. आणि आमच्याकडनंच घेतली कशावरून?’ बिल होतं कुठे माझ्याकडे! पोरीची आई म्हणाली, ‘जाऊ दे वैनी, तुमी तरी काय करणार?’ तिने चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

त्यानंतर मात्र मी हट्टाने शिकले. क्रीडा शिक्षकांना विचारलं, जुन्या खेळाडूंना विचारलं, दुकानं फिरले. जे कळलं ते तुमच्यासमोर ठेवते, म्हणजे माझ्यासारखी ठेच तुम्हाला लागायला नको.

पहिली गोष्ट वजनाची. महिलांची थाळी एक किलोची असते, पुरुषांची दोन किलोची. स्पर्धेच्या नियमात एक किलो म्हणजे कमीत कमी एक किलो. त्याच्या खाली एक ग्रॅमही चालत नाही, थोडी जास्त भरली तर हरकत नाही. महिलांच्या थाळीचा व्यास साधारण १८ सेंटिमीटर आणि मधली जाडी पावणेचार सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे एक काटा आणि शिलाईची टेप, एवढ्यावर निम्मी परीक्षा होते! लहान वयोगटाची वजनं वेगळी असू शकतात, तेव्हा आपल्या मुलीच्या गटाचं वजन क्रीडा शिक्षकांकडून कागदावर लिहून घ्या आणि मगच दुकानात जा.

दुसरी गोष्ट, ती कशाची केलीय. सरावाला भरीव रबरी थाळी मिळते. ती सगळ्यात स्वस्त, दगडावर आपटली तरी काही होत नाही, पण स्पर्धेत चालत नाही. मग लाकडी, धातूच्या कडेची. त्यानंतर फायबर किंवा प्लॅस्टिकच्या तबकड्यांची, स्टीलच्या कडेची. आणि सगळ्यात महाग ती आंतरराष्ट्रीय मान्यतेची. आपल्या भुदरगडच्या पावसात लाकडी थाळी ओली राहिली तर फुगते, हेही लक्षात ठेवा.

तिसरी गोष्ट त्या ‘हाय स्पिन’ची. थाळीचं बरंचसं वजन कडेला असतं. जितकं जास्त वजन कडेला, तितकी ती हवेत जास्त वेळ फिरत राहते. पण आधी हाताने तिला तेवढ्या वेगाने फिरवता आलं पाहिजे ना! नवशिक्या मुलीच्या हाताला तो वेग नसतो, त्यामुळे तिच्या हातात महागडी थाळी उलट लवकर खाली येते. शिकणाऱ्यांसाठी कडेला साधारण सत्तर टक्के वजन असलेली थाळी बरी, असं जाणकार सांगतात. म्हणजे पहिल्या दुकानात तीन हजार आठशे मोजले असते तरी मी फसलेच असते! दुकानदार खोटं बोलला नव्हता. त्याने फक्त पोरीला काय लागतं ते विचारलं नव्हतं, आणि मलाही ते माहीत नव्हतं.

चौथी गोष्ट भावाची. एकाच जातीच्या थाळीचा भाव तीन ठिकाणी विचारा. दोन दुकानांत आणि तिसरा मोबाइलवर. पण वजन तेच, कड तीच, साहित्य तेच, अशीच तुलना करा. मोबाइलवर स्वस्त दिसली तर पाठवणावळ धरून हिशोब करा. आणि बदलून मिळते का ते आधी वाचा. आपल्याकडचं बरंचसं खेळाचं साहित्य जालंधर आणि मेरठहून येतं. १९४७च्या फाळणीत सियालकोटचे कारागीर तिथे येऊन स्थिरावले आणि त्यांनी हा धंदा उभा केला. तेव्हा कुणी नुसतं ‘इंपोर्टेड’ म्हटलं की भुलू नका. डब्यावर बनवणाऱ्याचं नाव, पत्ता आणि कमाल किंमत छापलेली असते, ती वाचा. आणि कमाल किंमत म्हणजे योग्य किंमत नव्हे. त्याच्या वर घेता येत नाही, एवढाच तिचा अर्थ.

जुनी थाळी मिळत असेल तर जरूर घ्या. वरच्या वर्गातल्या मुली खेळ सोडतात, थाळ्या माळ्यावर पडतात. फक्त कड ढिली झालीय का, मधला स्क्रू हलतोय का, कडेला खाचा पडल्यात का (त्याने बोटं कापतात) हे बघा आणि काट्यावर ठेवा. वजन भरलं आणि कड घट्ट असली तर निम्म्या किमतीत सोनं मिळालं समजा.

पाचवी गोष्ट, बिल. बिल न घेता वाचवलेले पैसे हे वाचवलेले नसतातच. आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायदा १९८६ साली आला. २४ डिसेंबर हा राष्ट्रीय ग्राहक दिन त्याचीच आठवण. आता २०१९चा नवा कायदा लागू आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करायला फी लागत नाही. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे, फोडणीच्या डब्याजवळ लिहून चिकटवा. आपल्या महाराष्ट्रात तर बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, म्हणजे कायद्याच्याही बारा वर्षं आधी. पण या सगळ्याचा उपयोग कधी? हातात बिल असेल तर!

आता कुणी म्हणेल, एका थाळीसाठी केवढा हा खटाटोप! मुळात हे साहित्य शाळेने द्यायला हवं. अगदी मान्य. मग शाळेला विचारायला कोण जाणार? २००९च्या शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंतच्या सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत निम्म्या जागा महिलांना दिल्यात. आपल्यापैकी कितीतरी जणी त्या समितीवर आहेत. बैठकीत सही करून चहा घेऊन येतो आपण. एकदा विचारा की, खेळाचं साहित्य काय घेतलं, कितीला घेतलं, तोलून घेतलं का? पोषण आहाराचा तांदूळ आपण हातात घेऊन बघतो, मग गोळा, थाळी, लेझीम का नाही?

आणि खरं सांगू? मला टोचतं ते वेगळंच. मुलाला बॅट घ्यायची असते तेव्हा बाप चार दुकानं फिरतो, बॅट हातात धरून वजन बघतो, चेंडू ठोकून आवाज ऐकतो. मुलीच्या खेळाचं सामान घ्यायचं म्हटलं की ‘आण जा काहीतरी स्वस्तातलं, दोन वर्षांनी लग्नच करायचंय’ असं ऐकू येतं. आणि ते बोलणारे फक्त पुरुष असतात असं समजू नका. मीही दुकानात ‘स्वस्तातली दाखवा’ हेच म्हणाले होते. ‘बरोबर एक किलोची दाखवा’ असं म्हणाले नव्हते.

२०१०च्या दिल्लीतल्या राष्ट्रकुल स्पर्धेत कृष्णा पुनियाने थाळीफेकीत ६१.५१ मीटरची फेक करून सुवर्णपदक मिळवलं. राष्ट्रकुलात ॲथलेटिक्सचं सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय महिला. त्या दिवशी तिन्ही पदकं आपल्याच मुलींनी घेतली, हरवंत कौरने रौप्य आणि सीमा अंतिलने कांस्य. कृष्णा तेव्हा लग्न झालेली, एका मुलाची आई होती. दोन वर्षांनी लग्नच करायचंय म्हणणाऱ्यांना हे जरूर सांगा.

आणि आपलं कोल्हापूर काय कमी आहे का? १९५२ साली खाशाबा जाधव हेलसिंकीला गेले ते लोकांच्या वर्गणीवर. राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी त्यांच्यासाठी घर गहाण टाकलं होतं. खेळाडूसाठी पदर पसरायला आपल्याला लाज वाटत नाही. पण पदरात पडलेला पैसा चारचौघींचा असतो. पन्नास रुपये देणारीने ते रोजगारातनं बाजूला काढलेले असतात. तो पैसा योग्य जागी, योग्य भावात जाणं ही घेणाऱ्याची जबाबदारी आहे. मी ती नीट पाळली नाही, म्हणून आज हे लिहितेय.

दुसरी थाळी मी माझ्या पैशाने घेतली. यावेळी पोरीला सोबत नेलं. दुकानात शिरताच आधी वजनकाटा मागितला. काट्यावर १००८ ग्रॅम भरली. पोरीने हातात घेऊन दोनदा झुलवली आणि मान हलवली. सोळाशे सांगितले, मी साडेपंधराशे दिले, पक्कं बिल घेतलं. फार घासाघीस केली नाही. चांगला माल देणाऱ्यालाही चार पैसे सुटायला नकोत का?

साडेनऊशेची आधीची आणि ही साडेपंधराशेची, म्हणजे एक थाळी मला अडीच हजारांना पडली. स्वस्ताई म्हणतात ती अशी!

पोरगी आता रोज सकाळी मैदानावर असते. पुढच्या स्पर्धेत काय होईल ते होईल, पण निदान हातातली थाळी तरी खरी आहे. मैत्रिणींनो, तुमच्या मुलीसाठी काहीही घ्या, थाळी, गोळा, बूट नाहीतर सायकल. वांगं बघता तसं उलटसुलट करून बघा. आणि दुकानदार हसला तर हसू दे, पण काटा मागाच!