रेशनवर डाळ का नाही?



अथालमध्ये आमच्या चाळीत शेजारच्या खोलीत चार पोरं राहतात. सकाळच्या पाळीचे डबे भरतात तेव्हा दार उघडंच असतं. दाबून भरलेला भात, कडेला लोणचं आणि छोट्या डब्यात वरण. वरण आपलं म्हणायचं. पगार झाला की त्यात डाळ दिसते; महिनाअखेरीस डाळ निम्मी होते, हळद मात्र तेवढीच. सेलवासच्या बाजारात प्रोटीन पावडरचे डबे दर्शनी मांडलेले असतात, ते यांच्यासाठी नाहीत.

भात पोटभर आहे, मग अडलं कुठे? अडतं लायसीनपाशी. हे अमिनो आम्ल शरीराला बनवता येत नाही, ते खाण्यातूनच यावं लागतं. स्नायूंची झीज भरायला ते हवं, जखम भरून यायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज ३० मिलिग्रॅम लागतं. ६० किलोच्या गड्याला १.८ ग्रॅम. दिवसाला अर्धा किलो तांदूळ रिचवला तरी गाडी दीड ग्रॅमच्या अलीकडेच थांबते. सोबत ५० ग्रॅम तूरडाळ शिजली की दोन ग्रॅम ओलांडते.

इथल्या जुन्या आदिवासी घरांत नागलीच्या भाकरीबरोबर उडीद असायचा, भाताच्या बांधावर तूर उभी असायची. तो बांध आता कारखान्यांच्या भिंतीखाली गेला.

अन्नसुरक्षा कायद्याने (२०१३) प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो धान्य दिलं, डाळ नाही. विचारलं की उत्तर तयार: फोर्टिफाइड तांदूळ देतोच की! त्यात लोह, फॉलिक आम्ल आणि ब-१२ असतं. चांगलंच आहे, पण लायसीनची तूट त्याने भरत नाही. परवडत नाही म्हणावं, तर २०२०च्या टाळेबंदीत केंद्राने घरटी महिना १ किलो डाळ वा चणे दिलेच होते. तमिळनाडू २००७ पासून रेशनवर सवलतीत तूरडाळ देतं.

अर्थात घरटी किलोने भागत नाही. चौघांत वाटली तर माणशी रोज ८ ग्रॅम, म्हणजे पुन्हा पिवळं पाणीच. माणशी किलोभर तरी द्यावी. आणि कारखान्यांच्या कँटीनच्या ठेक्यात वरण किती डाव वाढायचं ते न लिहिता, माणशी कोरडी डाळ किती ग्रॅम घालायची ते लिहावं.

– एक वाचक, अथाल (सेलवास)