छऱ्याची बंदूक घेऊन बांधावर जाण्यापूर्वी



मागच्या जिल्हा बैठकीत चहा होऊन लोक उठायच्या बेतात असताना शेवटच्या रांगेतला एक तरुण उभा राहिला. त्याच्या विहिरीवरची केबल एकाच हंगामात तीनदा तोडून नेली होती. चोरट्याला भंगारात तांब्याचे काही शेकडे मिळत असतील. इकडे ऐन पाण्याच्या पाळीला हरभरा आठ-आठ दिवस कोरडा राहतो. ठाण्यात गेले तर ‘अर्ज ठेवून जा’. तो म्हणाला, “साहेब, आता छऱ्याची बंदूक आणतो. लायसन लागत नाही. एकदा रोखली की पुन्हा फिरकणार नाहीत.” त्या दिवशी सर्वांत जास्त टाळ्या या वाक्याला पडल्या. अध्यक्षांच्या भाषणालाही तेवढ्या पडल्या नाहीत. म्हणून लिहितो आहे.

संताप खरा आहे, त्याबद्दल वाद नाही. पण ‘लायसन लागत नाही’ हे अर्धेच खरे आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे नळीचा व्यास ०.१७७ इंचापर्यंत, म्हणजे साडेचार मिलिमीटर, आणि नळीच्या तोंडाशी छऱ्याची ऊर्जा २० ज्यूलपर्यंत असेल तरच परवान्यातून सूट आहे. यातली कोणतीही एक मर्यादा ओलांडली की परवाना लागतो. ०.२२ इंचाची बंदूक ‘हवेचीच आहे हो’ म्हणून कोणी गळ्यात मारली, तर ती विनापरवाना शस्त्र ठरते आणि १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली जबाबदार तुम्ही.

२० ज्यूल म्हणजे किती? दोन किलोचा दगड एक मीटर उंचीवरून पडला की जमिनीवर जेवढ्या जोराने आदळतो, जवळपास तेवढा. फरक एवढाच की इथे तो सगळा जोर अर्ध्या ग्रॅमच्या छऱ्यात असतो आणि हरभऱ्याच्या दाण्यापेक्षाही लहान जागेवर उतरतो. साध्या बंदुकीचा जोर याच्या निम्म्याहूनही कमी असतो. डोळा फोडायला तेवढा पुरतो.

परवाना नाही याचा अर्थ मोकळीक आहे असा होत नाही. विळ्याला आणि कोयत्याला तरी कुठे परवाना लागतो? १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आहे. तिच्या कलम ११८ प्रमाणे झाडण्याच्या हत्याराने दुखापत केली तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. एक डोळा कायमचा गेला तर ती गंभीर दुखापत. शिक्षा कमीत कमी एक वर्ष, जास्तीत जास्त जन्मठेप. छर्रा न झाडता नुसते रोखून ‘जीव घेईन’ म्हणालात तरी कलम ३५१ आहे आणि त्यात सात वर्षांपर्यंतची तरतूद आहे. चोराची केस एका बाजूला राहते, तारखा तुम्ही खाता.

‘पण स्वसंरक्षणाचा हक्क आहे ना?’ आहे. कलम ३४ ते ४४ त्यासाठीच आहेत आणि त्यात शेतातला मालही येतो. मात्र कलम ३७ म्हणते, सरकारी यंत्रणेची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्क नाही, आणि असला तरी गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही. साधी चोरी किंवा नासधूस असेल तर कोणाचा जीव घेण्यापर्यंत जाता येत नाही. जबरी चोरी, रात्रीची घरफोडी, राहत्या घराला किंवा माल साठवायच्या जागेला लावलेली आग, किंवा चोरी करतानाच चोराने जिवाचे भय घातले, अशा वेळी मर्यादा वाढते. चोर केबल टाकून पळाला की तुमचा माल तुमच्याकडे आला आणि हक्क तिथेच संपला. त्यानंतर पाठीत घातलेल्या छऱ्याला कोणतेही न्यायालय संरक्षण म्हणणार नाही.

मी हे कायद्याच्या पुस्तकातून शिकलो नाही, हे कबूल करतो. कृषीची पदवी घेऊन गावी आलो तेव्हा ज्वारीवरची पाखरे राखायला छऱ्याची बंदूक घेतली होती. (पाखरे मारणे हाही वन्यजीव कायद्याखाली गुन्हा होऊ शकतो. मोर तर पहिल्या अनुसूचीत आहे. पदवीधर असून हे मला माहीत नव्हते.) एका रात्री संत्र्याच्या बागेत बॅटरीचा उजेड हलताना दिसला. मी ओरडलो, उत्तर नाही. बंदूक रोखली, पुन्हा ओरडलो. उजेड माझ्याकडेच यायला लागला. घोड्यावर बोट होते. दहा पावलांवर आल्यावर दिसले, शेजारच्या मळ्यातला म्हातारा सालदार सुटलेली गाय शोधत होता. त्याला कमी ऐकू येत असे. बंदूक पाहून तो जागीच खाली बसला. सकाळी बांधावरून जाताना त्याने नेहमीसारखा राम राम घातला. मला वर बघवले नाही.

अंधारात माणूस ओळखू येत नाही, आणि मनात जो आधीच चोर ठरलेला असतो तोच समोर दिसतो. गावात चोरी झाली की पहिले बोट पारध्यांच्या बेड्याकडे जाते. इंग्रजांचा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली गेला, पण बोट अजून तिकडेच आहे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवण्याच्या अफवेवरून भटक्या जमातीतल्या पाच जणांना जमावाने ठार मारले. एप्रिल २०२० मध्ये पालघर जिल्ह्यात गडचिंचले येथे अशाच अफवांच्या दिवसांत तीन जण मेले. ती गावे आपल्यासारखीच होती.

मग करायचे काय? १ जुलै २०२४ नंतर चोरीच्या कलमात एक बदल झाला आहे, तो आपल्याला भोवणारा आहे. चोरीला गेलेला माल पाच हजारांच्या आतला असेल तर गुन्हा अदखलपात्र धरला जातो, आणि पहिल्यांदाच दोषी ठरलेला माल किंवा किंमत परत करून समाजसेवेच्या शिक्षेवर सुटू शकतो. त्यामुळे फिर्यादीत केबलची किंमत भंगाराच्या भावाने लिहू देऊ नका. दुकानाचे बिल जोडा, किती मीटर गेली ते लिहा, तोडलेल्या स्टार्टरचे नुकसान वेगळे लिहा, पंचनामा मागा. ठाण्यात फिर्याद घेतली नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे ती लेखी पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते, त्यापुढे दंडाधिकारी आहेत. दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा करताना कोणी डोळ्यांदेखत सापडला तर कलम ४० प्रमाणे तुम्हीही त्याला धरू शकता. धरल्यापासून सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यायचे, मधल्या वेळात झाडाला बांधून हात धुऊन घ्यायचे नाहीत.

आणि माझ्या मते खरा चोर विहिरीवर नसतोच. जळालेल्या वेष्टनाचे तांबे किलोने घेणारा भंगारवाला ज्या दिवशी घ्यायला घाबरेल, त्या दिवशी केबल विहिरीवर टिकेल. चोरीचा माल समजून घेणारा कलम ३१७ खाली येतो. हे एकट्याने जमत नाही, चाळीस गावांच्या फिर्यादी एका टेबलावर ठेवल्या तर जमते.

पुढच्या बैठकीला प्रत्येक गावाने गेल्या वर्षभरातल्या केबल, मोटार आणि ठिबकच्या चोऱ्यांची यादी आणावी. तारीख, मीटर, बिल, ठाण्यात दिलेल्या अर्जाची पोच. पोच मिळाली नसेल तर तसे लिहावे. त्या तरुणाने तीन चोऱ्यांचे तीन वेगळे कागद करावेत, एकात गुंडाळू नयेत. याद्या घेऊन आपण त्याच दिवशी अधीक्षक कार्यालयावर जाणार आहोत. जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ चा मनाई आदेश अधूनमधून लागू असतो आणि त्यात बंदुकीसोबत काठीवरही बंदी येते. तेव्हा कोणीही काठीसुद्धा आणू नये.