सगळ्यांनाच आहे की!

परवाच्या शनिवार-रविवारी कुरवंड्याला ताईकडे होतो. पाऊस असा की नागफणी दिसणं सोडाच, अंगणातली तुळससुद्धा अंदाजानेच ओळखायची. बाहेर पडता येत नाही म्हटल्यावर भाच्याने लॅपटॉप उघडला. "मामा, हे बघ. सहाशे ओळींच्या वीस केल्या!"

आता आमच्या धंद्यात नसलेल्यांसाठी थोडंसं (ताई, तू वाचतेस हे ठाऊक आहे). ऑब्जेक्ट म्हणजे माहितीची बंद खोली. आतलं नुसतं बघायचं तर गेटर, बदलायचं तर सेटर. ही दारं एकेक करून लिहिणं महाकंटाळवाणं. म्हणून रूबी, पायथन, पर्ल वगैरे भाषांत सोय आहे: प्रोग्रॅम चालू असतानाच टेबलातले रकाने वाचायचे आणि प्रत्येकासाठी दोन्ही मेथड जागच्या जागी बनवायच्या. रूबीत तर मेथड नसली तरी 'मेथड मिसिंग' आयत्या वेळी हाक ऐकून वेळ मारून नेतं.

मी विचारलं, "शिल्लक या रकान्याला सेटर कशाला?"

"सगळ्यांनाच आहे की!"

हेच ते. इथेच माझं डोकं फिरतं. दार पाडायचं की नाही हे कुणीच ठरवलेलं नसतं, आणि वर त्याला हुशारी म्हणायचं. हाताने लिहिताना कंटाळा यायचा हे खरं, पण त्या कंटाळ्यातच कधीतरी मनात यायचं, अरे, हे बाहेरून बदलू द्यायचं का?

हे मी शहाणपणाने सांगत नाहीये, शेकल्यावर सांगतोय. वर्षांपूर्वी एका पतसंस्थेसाठी अशीच करामत केली होती. फॉर्ममधून ज्या नावाची माहिती येईल त्या नावाचा सेटर चालवायचा, बस. पुढे पत्ता बदलायच्या फॉर्मवर कुणीतरी शिल्लकही दाखवायला ठेवली, नुसती दिसावी म्हणून. एका भाजीवाल्या मावशींचा फॉर्म सकाळी उघडला, दुपारी त्यांचे पिग्मीचे चारशे रुपये जमा झाले, संध्याकाळी कारकुनाने पत्ता सेव्ह केला. त्याबरोबर सकाळची शिल्लक परत आत! चारशे गायब. महिनाअखेरीला ताळा जुळेना तेव्हा उमगलं. तोवर मावशींना काउंटरवर दोनदा ऐकावं लागलं होतं की तुम्हीच विसरलात. चूक माझी होती, बोलणी त्यांनी खाल्ली.

मोठ्यांचंही तेच. मार्च २०१२ मध्ये एका रशियन तरुणाने गिटहबवर आपली किल्ली जमा करताना फॉर्ममध्ये एक जादा रकाना घुसवला. किल्ली कुणाची, हे सांगणारा. रेल्सने त्या रकान्यालाही सेटर दिलेलाच होता. किल्ली दुसऱ्याच्या खात्याला चिकटली आणि हा पठ्ठ्या थेट रेल्सच्याच भांडारात लिहून आला. मग २०१३ साली रेल्स ४ मध्ये उपाय काय आला? फॉर्ममधून कोणते रकाने आत घ्यायचे त्याची यादी प्रोग्रॅमरने स्वतः लिहायची. म्हणजे फिरून हातानेच!

आणि हे मी कुठे बसून सांगत होतो, तर कुरवंड्यात. फेब्रुवारी १६६१ मध्ये कारतलबखान इथल्याच घाटाने कोकणात उतरायला निघाला आणि उंबरखिंडीत महाराजांनी त्याला गाठलं. सामान टाकून परत फिरावं लागलं त्याला. वाटा मोजक्या, म्हणून राखता आल्या. प्रत्येक उतारावर हमरस्ता असता तर कुठे कुठे दबा धरून बसणार? (इतिहासाच्या जाणकारांनी उपमा ह. घ्या.)

ॲलन होलब यांनी २००३ साली गेटर-सेटर मुळातच वाईट असं लिहिलं होतं. तितक्या टोकाला मी जात नाही. यंत्राने मेथड बनवायलाही माझी ना नाही. रूबीचं 'अॅट्र रीडर' मी आनंदाने वापरतो, कारण तिथे नावं मी लिहितो. भांडण आहे ते रकान्यांवरून आपोआप बनणाऱ्या यादीशी.

"म्हणजे सहाशे ओळी परत लिहू?" भाचा वैतागला.

"नाही रे. वीसच्या तीस होतील."

बसला बिचारा यादी करत. शिल्लक फक्त वाचायला ठेवली, बदलायची तर 'जमा' आणि 'काढ' यांच्यामार्फतच. अकराव्या नावाशी थांबला.

"मामा, हा 'प्रकार दोन' रकाना कशाचा आहे?"

"तुझाच प्रोग्रॅम ना?"

"हो, पण हा मला माहीतच नाही."

तेवढ्यात लाइट गेले.