न वटलेला चेक आणि तीस दिवस



गळीत हंगाम सुरू झाला की आमच्या शेतकी खात्याकडे तक्रारी येतात त्या बहुतेक तोडीच्या पाळीच्या. अलीकडे त्यात एक निराळी तक्रार येऊ लागली आहे. "साहेब, मुकादमाचा चेक परत आला, आता काय करू?"

नृसिंहवाडीचे आमचे एक ट्रॅक्टरमालक सभासद. पावसाळ्यात, दक्षिणद्वार सोहळ्याच्या गर्दीत मुकादम वाडीला आला, महाराजांच्या पादुकांपुढे हात जोडले आणि कोयत्यांची उचल घेऊन गेला. तारण म्हणून चेक दिला. हंगामाला टोळी आलीच नाही. चेक भरला, तो 'खातेदाराने पेमेंट थांबविले' असा शेरा घेऊन परत. मुकादम फोनवर म्हणाला, "संक्रांतीनंतर देतो की मालक." आमचे सभासद भला माणूस, थांबले. आमच्याकडे आले तेव्हा दोन महिने उलटले होते. चेकवरच्या तारखेलाही तीन महिने होऊन गेले होते, म्हणजे तो पुन्हा भरण्याची सोय उरली नव्हती.

आम्ही काही वकील नव्हे. पण १ एप्रिल १९८९ पासून लागू असलेले कलम १३८ आता प्रत्येक वाहनधारकाला तोंडपाठ हवे. चेक परत आल्याचे बँकेने कळविल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस गेली पाहिजे. नोटीस पोचल्यावर त्याला पंधरा दिवस मिळतात. तेवढ्यात पैसे आले नाहीत, तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार. पेमेंट थांबविले म्हणून कोणी सुटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ सालीच सांगितले आहे. २०१४ साली दशरथ राठोड खटल्याच्या निकालाने तक्रार चेक देणाराच्या बँकेच्या गावी करावी लागे. मराठवाड्यातल्या कोर्टाचे हेलपाटे कोण घालणार? २०१५ च्या दुरुस्तीने तो त्रास गेला. आपले खाते ज्या शाखेत, तिथल्या कोर्टात तक्रार चालते.

नोटीस पाठविली तर माणूस दुखावेल, पुढच्या वर्षी टोळी मिळणार नाही, अशी भीती असते. आमच्या मते ती खोटी आहे. दुखावायचा तो आधीच पैसे घेऊन गेलेला असतो.

मात्र आपलेही काही चुकते. उचल रोखीत द्यायची, करार करायचा नाही आणि कोरा चेक कपाटात ठेवायचा. उद्या मुकादम "देणेच नव्हते" म्हणाला तर दाखविणार काय? उचल बँकेतूनच द्यावी. आणि टोळीतल्या मजुरांचे कोरे चेक ठेवून घेण्याची जी पद्धत काही ठिकाणी दिसते ती आम्हाला मुळीच पसंत नाही. घेणे मुकादमाकडे, तर त्या गरिबाची सही कशाला?

आमच्या त्या सभासदांनी आता दिवाणी दावा लावला आहे, त्याला तीन वर्षांची मुदत असते. तारीख पडली की वाडीहून जातात. ट्रॅक्टरचे हप्ते सुरूच आहेत.

- ऊस विकास अधिकारी